लोण्याचा वास

कारखान्यात त्यांना सगळे नाकोजीराव म्हणत. तोंडावर ‘साहेब’, पाठीमागे नाकोजीराव. निवृत्तीच्या समारंभात तर खुद्द मॅनेजरनेच भाषणात हे नाव घेतलं, तेव्हा टाळ्या पडल्या आणि नाकोजीही मनापासून हसले. नाक काही फार मोठं नव्हतं. चारचौघांसारखंच, जरा डावीकडे कललेलं. पण या नाकाने होकार दिल्याशिवाय त्या कारखान्यातून एकतीस वर्षं बिअरची एक बाटली बाहेर पडली नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष त्यांनी बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या फुलांच्या कोठारात पोती रचण्यात घालवलं. तिथे एकदा सगळ्यांच्या आधी त्यांना ओल आलेल्या पोत्याचा वास आला, आणि वरच्यांनी त्यांना उचलून चाखण्याच्या खोलीत नेऊन बसवलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेदहाला, चहा न पिता, कांदा न खाता, ते नऊ ग्लास हुंगायचे, नऊ घोट घ्यायचे आणि कागदावर नऊ वेळा ‘ठीक’ लिहायचे. ज्या दिवशी एखाद्या ओळीत ‘थांबा’ लिहिलं जाई, त्या दिवशी मोठमोठ्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळे.

बिअर कशी हवी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. ग्लासापलीकडे वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता आली पाहिजे. नुसते मथळे नव्हेत, आतला बारीक मजकूरही.

बायकोने यातला एक थेंब कधी जिभेला लावला नाही. पण कारखान्याचा सगळा कारभार तिला घरबसल्या कळायचा. कपडे तीच धूत होती ना. “आज उकळी होती वाटतं,” ती शर्ट भिजवता भिजवता म्हणायची, किंवा “आज टाक्या धुतल्यात, सोड्याचा भपकारा मारतोय.” एकदाही चुकली नाही. “या घाणेरड्या वासाने माझा जन्म गेला,” असंही वर ऐकवायची. नाकोजी ते कौतुक म्हणून घेत असत, कारण दुसरं कौतुक तिच्याकडून मिळायची फारशी सवय नव्हती.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना ताप आला. चार दिवसांत उतरला, आणि उतरताना वास घेऊन गेला. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं येईल परत. महिन्याने एका सकाळी ते स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि दोन हातांवर दूध उतू जाऊन, जळून, भांड्याच्या तळाशी कोळसा झालं. बायको धावत आली तेव्हा घरभर धूर होता आणि हे महाशय पान उलटत होते. तिने गॅस बंद केला. भांड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“तापानंतर.”

ती शेजारी बसली. म्हणाली, “लेकीला तुमचं तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

लेकीला सांगायचं खरं तर त्याच आठवड्यात जमलं असतं. पण त्याच आठवड्यात तिचा फोन आला. ती पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती तिने सोडली होती आणि एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा घेऊन तिथे चार टाक्या बसवल्या होत्या. स्वतःची बिअर काढणार होती. “बाबा, तुम्ही काही करू नका. नुसते येऊन बसा. तुमचं नाक जवळ असलं की मला धीर येतो.”

आता सांगा, कुठला बाप यावर ‘नाक गेलं’ म्हणेल? नाकोजी म्हणाले, “येतो.”

आणि गेले. छापखान्याच्या फरशीवर अजून शाईचे डाग होते, खिळ्याला जुनं कॅलेंडर लटकत होतं, आणि मधोमध नव्या टाक्या चकाकत उभ्या होत्या. लेकीने त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि एक पांढरा एप्रन आणून ठेवला होता. एप्रन घालून ते खुर्चीत बसले. आपण लबाडी करतोय हे त्यांना कळत होतं, पण खुर्ची सोडवेना.

दीड वर्षं ती लबाडी बेमालूम चालली. कशी, ते सांगायला हवं. जीभ शाबूत होती, कडू-गोड-आंबट कळायचं. डोळे शाबूत होते, रंग आणि फेस दिसायचा. राहिला वास. तर तो ते लेकीच्या तोंडावर वाचायचे. दोघं समोरासमोर बसत, एकदमच ग्लास नाकाशी नेत. काही बिघडलं असेल तर लेकीची डावी भुवई केसभर वर जायची. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. आणि बिअर चांगली असली की ती ग्लास खाली ठेवायला विसरायची, छातीशी धरून बसायची. नाकोजी भुवई बघत, ग्लास बघत, मग पोक्तपणे एक घोट घेत आणि निकाल देत. लेक वहीत लिहून घ्यायची. तिला वाटे, बाबांकडे बघून आपण शिकतोय.

मागच्या हिवाळ्यात एका टाकीवर तिची भुवई अशी काही चढली की नाकोजींनी घोटही न घेता ‘ओतून टाक’ म्हटलं. तिने टाकी मोरीत सोडली आणि दोन दिवस बापाचे गोडवे गात होती. “सडक्या अंड्याचा वास मला आल्यासारखा वाटत होता, पण खात्री नव्हती. तुम्ही तर नुसत्या हुंगण्यावर ओळखलंत!” नाकोजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मग या वर्षी तिने ते गढूळ प्रकरण काढलं.

ती त्याला हेझी पेल एल म्हणायची. एरवी हॉपची फुलं धान्याच्या उकळत्या रसात टाकतात, त्यातून कडवटपणा येतो. इथे बिअर जवळजवळ तयार झाली की वरून फुलांचा हिरवा चुरा पुन्हा ओतायचा, आणि तोही चिमूटभर नव्हे, पोतीच्या पोती. कडवटपणा फार वाढत नाही, नुसता सुवास उतरतो. बिअर गाळायची मात्र नाही. दिसायला ती संत्र्याच्या रसासारखी. नाकोजींनी पहिला ग्लास उजेडासमोर धरला आणि पलीकडची खिडकीसुद्धा दिसेना.

“हे काय आहे?”

“असंच असतं हे, बाबा.”

“आमच्याकडे असं दिसलं असतं तर दोघांना घरी पाठवलं असतं.”

“म्हणूनच मी तुमच्याकडे नोकरीला आले नाही,” लेक म्हणाली, आणि दोघं हसले. पण नाकोजींचं हसू फार टिकलं नाही. या बिअरमध्ये डोळ्यांना काम नव्हतं आणि जिभेला अर्धंच होतं. जे काही होतं ते सगळं वासात होतं. आता त्यांच्याकडे लेकीच्या तोंडाशिवाय काही उरलं नव्हतं.

आणि ही टाकी साधीसुधी नव्हती. आजवर तिने जे काढलं ते जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या रीतींनी. ही कृती पूर्णपणे तिची. नदीकाठच्या एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी ही बिअर आपल्या नव्या गच्चीवर रविवारी विकायला काढायचं ठरवलं होतं. फळ्यावर खडूने लिहूनही टाकलं होतं. बाई स्वभावाने स्पष्ट होत्या: “आवडली तर कायमची घेईन. नाही आवडली तर पुन्हा विचारू नका.” गुरुवारी दुपारी चाखायचं, शुक्रवारी सकाळी टाकी थंड करायला लावायची, शनिवारी पिंपं भरायची, असा बेत होता.

गुरुवारी नाकोजी पोचले तेव्हा लेकीचा आवाज जरा जड येत होता.

“सर्दी झाली का गं?”

“छे. पोत्यांची धूळ गेली नाकात,” ती म्हणाली आणि पाठ वळवून ग्लास धुवायला लागली.

नाकोजींनी टाकीचा नळ सोडला तर फेसच फेस. एक ग्लास भरेपर्यंत अर्धा एप्रन भिजला. एवढा फेस का, असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी ते मनातच ठेवलं. दोघं समोरासमोर बसले. ग्लास नाकाशी नेले. नाकोजींनी भुवई बघितली. हलली नाही. त्यांनी ग्लास बघितला. लेक तो छातीशी धरून बसली होती, खाली ठेवायचं नावच नाही, आणि त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी लहानपणी निकालाच्या दिवशी बघायची.

त्यांनी घोट घेतला. जिभेवर मऊ लागली. कडवटपणा उशिरा आणि बेताने आला.

“पास,” ते म्हणाले.

लेकीने त्यांना मिठीच मारली. भिजलेल्या एप्रनसकट.

संध्याकाळी बायकोने पिशवीतून एप्रन काढला, बादलीकडे नेला आणि मध्येच थांबली.

“आज तिथे लोणी कढवत होतं का कुणी?”

“नाही. का?”

“याला वास येतोय ना. बिस्किटांच्या कारखान्यावरून जाताना येतो तसा. लोण्याच्या बिस्किटांचा.” तिने पुन्हा हुंगलं. “छान येतोय हो! एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी बरं घेऊन आलात घरी.”

नाकोजी खुर्चीतून उठले आणि परत बसले. लोणी! बाहेरच्या माणसाला छान वाटणारा हा वास चाखण्याच्या खोलीत शिकवलेला पहिला दोष. बिअर आंबवून निजलेल्या यीस्टला वरून ओतलेल्या फुलांनी पुन्हा जागं केलं होतं. म्हणून तो फेस. जागं झालेलं यीस्ट आधी हा लोण्याचा वास सोडतं आणि मग, वेळ दिला तर, स्वतःच परत गिळून टाकतं. पण टाकी थंड केली की ते झोपी जातं आणि लोणी आहे तिथेच राहतं. उद्या सकाळी आठला लेक टाकी थंड करणार होती. ‘पास’ म्हणून तिला तसं सांगून कोण आलं होतं?

त्यांनी फोन लावला.

“बाबा! मी आत्ता तुमचाच विचार करत होते. आज किती दिवसांनी शांत वाटतंय. तुम्ही पास म्हणालात ना, आता काही काळजी नाही. काही काम होतं?”

“नाही. जेवलीस का विचारायला केला.”

फोन ठेवल्यावर बायकोने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. एप्रन तिने भिजवला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवली. “सकाळी घेऊन जा,” एवढंच म्हणाली.

आठला पाच मिनिटं असताना नाकोजी छापखान्यात पोचले. लेक गमबूट चढवून टाकीपाशी उभी होती आणि थंडाव्याच्या बटणाकडे हात नेत होती.

“थांब.”

एकतीस वर्षं कागदावर लिहिलेला शब्द ते पहिल्यांदाच तोंडाने म्हणाले असावेत, कारण आवाज चमत्कारिक निघाला. लेकीने हात मागे घेतला.

“टाकीत लोणी आहे.”

“काल तर तुम्ही...”

“काल मला काही कळलं नाही. मला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. लोण्याचं तुझ्या आईने सांगितलं, एप्रन हुंगून.” त्यांनी पिशवी पुढे केली. “बघ.”

लेकीने एप्रन नाकाशी धरला. पुन्हा धरला. मग खाली घेतला, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

“मला पण येत नाहीये काही,” ती म्हणाली. “बुधवारपासून नाक गच्च आहे. तुम्ही चाखणं पुढे ढकलाल म्हणून धूळ म्हणाले. म्हटलं, बाबा आहेत ना.”

म्हणजे गुरुवारी दुपारी त्या खोलीत दोन ग्लास होते, दोन जाणती माणसं होती, आणि चालू नाक एकही नव्हतं. बापाने लेकीच्या तोंडावर वाचलं, लेकीने बापाच्या, आणि दोन्ही पानं कोरी होती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर दोघं पोट धरून हसले असते.

“तापापासून,” लेक सावकाश म्हणाली. “म्हणजे मी फोन केला, त्याच्याही आधी.”

“हो.”

“मग दीड वर्षं तुम्ही इथे काय करत होता, बाबा?”

“तुझ्याकडे बघत होतो.”

त्यांनी सगळं सांगितलं. भुवई सांगितली, छातीशी धरलेला ग्लास सांगितला. लेकीचा हात नकळत भुवईकडे गेला. ती पालथ्या क्रेटवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दीचं नव्हे.

“का नाही सांगितलंत?”

‘तुझा धीर खचू नये म्हणून’ हे उत्तर तयार होतं. दीड वर्षं नाकोजी स्वतःला तेच सांगत आले होते. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

“तू बोलवायची बंद करशील म्हणून,” ते म्हणाले. “नाक नसलेला नाकोजी कुणाला हवाय? मला यायचं होतं इथे. तू वही घेऊन बसतेस समोर, ते मला फार आवडतं. खोटं बोललो ते माझ्यासाठी, तुझ्यासाठी नाही.”

बाहेर एक गाडी थांबली, दार आपटलं, निघून गेली. मग तिने डोळे पुसले, आणि पुसता पुसता थांबली.

“ती हिवाळ्यातली टाकी. अंड्याच्या वासाची. ती कुणी ओतली मग?”

“तू.”

“आणि त्याच्या आधीची? दोन दिवस जास्त ठेवली होती ती?”

“तूच. सगळ्या तूच, बाळा. मी नुसता मोठ्याने बोलायचो.”

तिने टेबलावरची वही ओढली आणि पानं उलटायला लागली. प्रत्येक पानावर तिच्या अक्षरात तारीख होती आणि पुढे ‘बाबा म्हणाले’. पंधरा-सोळा पानं असतील. एकेका पानावर ती थांबत होती, जणू वही दुसऱ्या कुणाची आहे. नाकोजी उभेच होते. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खुर्चीवर आता आपला हक्क आहे की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

“एवढं सगळं मला येतं, हे तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि मला मात्र कळू दिलं नाहीत. याचा मला राग आलाय, बाबा. तो लगेच जाणार नाही.”

“नको जाऊ दे.”

“बसा तरी. उभे काय राहिलात परक्यासारखे?”

ते बसले. तिने वही मिटली. “आता या लोण्याचं काय करायचं? हे तरी तुमचं तुम्हाला येतं ना?”

“ते येतं,” नाकोजी म्हणाले. “उबेत ठेव. यीस्ट जागं आहे, त्याचं उष्टं त्याला खाऊन टाकू दे. चार दिवस, कदाचित पाच. घाई करायची नाही. आणि रोज हुंगायला कुणीतरी हवं.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि लेकीने आईला फोन लावला.

हॉटेलच्या मालकीणबाईंना कळवायचं जड काम लेकीने स्वतः केलं. बाई म्हणाल्या, “पुढच्या रविवारपर्यंत थांबते. फळ्यावरचं पुसत नाही. पण एकदाच हं.”

त्या पाच दिवसांत आई रोज छापखान्यात आली. पदर खोचून, ग्लास हातभर लांब धरून, जणू मेलेला उंदीर उचललाय. एकदा हुंगायचं, निकाल द्यायचा आणि हात धुवायचे. शनिवारी बिस्किटांचा अख्खा कारखाना होता. सोमवारी ‘जरासा डबा उघडल्यासारखा’. बुधवारी तिने दोनदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं आणि म्हणाली, “गेला. वाईट वाटतं, चांगला होता.” मग टाकी थंडीला लागली.

शुक्रवारी सकाळी तिघं टेबलाशी बसले. लेकीची सर्दी पार गेली होती. तीन ग्लासांत ती गढूळ सोनेरी बिअर, वर पांढरा बेताचा फेस. आईचा ग्लास नुसता हुंगायला.

सवयीने नाकोजींची नजर लेकीच्या भुवईकडे गेली, आणि त्यांनी ती प्रयत्नाने वळवली. डोळे मिटून घेतले. हे ते ठरवूनच आले होते. घोट घेतला, तोंडात घोळवला.

“मऊ आहे,” ते म्हणाले. “शेवटी कडवटपणा जिभेच्या मागे जरा रेंगाळतो. पुढच्या वेळी उकळीतली फुलं थोडी कमी घाल. एवढंच मला कळतं. बाकी तू सांग. वास सांग मला.”

समोर लेकीने खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

“संत्र्याचं साल,” लेक म्हणाली. “नखाने सोलताना उडतं ना, ते. मग आंबा. पिकून साल सैल झालेला. त्याच्या मागे कापलेलं गवत, अगदी थोडं.”

“अजून?”

“अजून एक काहीतरी आहे. मला नाव नाही देता येत. कोरडं, हिरवं. आई, तू बघ.”

आईने ग्लास या वेळी हातभर लांब धरला नसावा, कारण बांगडी काचेला लागल्याचा आवाज आला.

“हा होय,” ती म्हणाली. “हा मला माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे फुलांच्या कोठारात होते. त्या वर्षीच्या शर्टांचा वास आहे हा.” ती थांबली. “ते शर्ट मी मुद्दाम एक दिवस उशिरा धुवायची.”

नाकोजींनी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पाणी बाहेर आलं असतं, आणि तसंही ते आलंच.

“कधी बोलली नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

ते कोठार त्यांना आठवत होतं, छतापर्यंत रचलेली पोती, मानेवर चिकटलेला हिरवा चुरा, आणि घरी गेल्यावर दार उघडणारी ती. वास तेवढा येत नव्हता. पण तो होता, समोरच होता, आणि दोघी तो घेत होत्या. त्यांना तेवढ्याने पुष्कळ झालं.

लेकीने ग्लास खाली ठेवला नव्हता, छातीशी धरला होता. नाकोजींना ते दिसलं नाही.

“मग?” त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. “काय लिहायचं?”

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“पास,” लेक म्हणाली.